मेक्सिकन सिनेमा बघताना नको तिथे हसले, घरमालकीण रुसली. आता कुठून सुरुवात करू?

अंबाडीची_भाजी:

मंडळी, मदत हवीय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

नवऱ्याच्या नोकरीमुळे दीड वर्षापासून आम्ही मेक्सिकोत, केरेतारोला राहतो. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली घरमालकीण. वय ७९, एकट्या, मुलगा टेक्सासला. मला ‘मिहा’ म्हणतात, म्हणजे आपलं ‘पोरी’. दर रविवारी दुपारी चारच्या सुमाराला जिन्यातून हाक येते, की मी खाली. मातीच्या मडक्यात दालचिनी आणि गूळ घालून उकळलेली कॉफी, वर शिंपल्यासारख्या रेघा असलेला गोड पाव, आणि टीव्हीवर ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा. माझं स्पॅनिश भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरतं. त्यामुळे निम्मं डोक्यावरून जायचं, मी मान डोलवायचे, त्या डोळे पुसायच्या. बरं चाललं होतं.

तीन रविवारांपूर्वी घोटाळा झाला. मी उशिरा पोचले, सिनेमा अर्ध्यावर आला होता. नायक सुतार. आग लागते, त्याचं तान्हं बाळ जळून मरतं. तो ते जळलेलं पोर छातीशी धरतो आणि हसायला लागतो. म्हणजे रडतोय, पण खदाखदा हसतोय, पुन्हा रडतोय. सीन संपता संपेना. आणि काय सांगू, मलाच हसू फुटलं. दाबायला गेले तर नाकातून आवाज आला.

घरमालकीण सेन्योरांनी (म्हणजे ‘बाईं’नी) टीव्ही बंद केला. माझ्या हातातला अर्धा कप उचलला आणि म्हणाल्या, “तुला उद्या लवकर उठायचं असेल.” त्यानंतर दोन रविवार हाक नाही. जिन्यात भेटल्या की गोड हसतात, पण ‘मिहा’ गायब, ‘सेन्योरा’ झालेय मी.

तर प्रश्न असे. हा सिनेमा कुठला? तो माणूस हसतो का? आणि या काळातल्या सिनेमांत मी कुठून शिरू, म्हणजे त्यांच्या शेजारी बसण्याची लायकी येईल? परीक्षा द्यायची नाहीये, कॉफी परत मिळवायचीय.

चौकटीबाहेर:

सिनेमा ‘उस्तेदेस लोस रिकोस’, म्हणजे ‘तुम्ही श्रीमंत लोक’. १९४८ चा, दिग्दर्शक इस्माएल रोद्रिगेस, सुतार म्हणजे पेद्रो इन्फान्ते. अपराधी वाटून घेऊ नका, अतिनाट्य आहेच ते.

माझं मत विचाराल तर हे सगळं सोडून थेट लुइस बुन्युएलच्या ‘लोस ओल्विदादोस’पासून (१९५०) सुरू करा. मेक्सिको सिटीतली रस्त्यावरची पोरं, कुठेही साखरपाक नाही. आंधळा भिकारी आहे, पण दया यावी असा नाही, चांगला खडूस आणि लंपट. तिकडच्या लोकांना तेव्हा हा सिनेमा इतका झोंबला की काही दिवसांतच थिएटरमधून उतरवावा लागला. १९५१ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात बुन्युएलला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं, मग मेक्सिको सिटीत तो पुन्हा लागला आणि चालला. कानमध्ये कवी ओक्ताव्हिओ पास यांनी या सिनेमावर लिहिलेलं टिपण स्वतः उभं राहून वाटलं होतं. हेच पास पुढे १९६२ पासून १९६८ पर्यंत दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते.

दुसरा ‘मारिया कांदेलारिया’. एमिलिओ फेर्नांदेसचा, १९४३ मध्ये केलेला. सोचिमिल्कोचे कालवे, फुलांनी भरलेल्या होड्या, दोलोरेस देल रिओ आणि पेद्रो आर्मेंदारिस. १९४६ च्या कानमध्ये सर्वोच्च पारितोषिक ११ चित्रपटांना विभागून दिलं गेलं. त्यात हा होता आणि आपल्या चेतन आनंदचा ‘नीचा नगर’ही. कॅमेरा गाब्रिएल फिगेरोआचा. हा हॉलिवूडला जाऊन ग्रेग टोलंडच्या हाताखाली शिकून आलेला. इन्फ्रारेड फिल्टर वापरून आकाश काळंभोर करायचा आणि ढग असे पुढे आणायचा की वाटावं, हात लावला तर पिंजलेला कापूस लागेल. बघाच.

बत्तीसाब:

वरच्या प्रतिसादातलं सगळं खरं, पण सल्ला चुकीचा. ताईंना कॉफी परत हवीय आणि तुम्ही त्यांना आंधळा भिकारी देताय.

मी जहाजावर इलेक्ट्रिशियन होतो (जहाजावर आम्हाला बत्तीसाब म्हणतात, त्यावरून हे नाव). गाव देवगडजवळ. १९८५ साली आमचा जनरेटर मेक्सिकोतल्या वेराक्रूस बंदरात बसला आणि सुटा भाग येईपर्यंत आम्ही २३ दिवस धक्क्याला. शिडीपाशी बंदराचा एक म्हातारा पहारेकरी बसायचा. लाकडी खोपटं, त्यात टीचभर टीव्ही, अँटेनाऐवजी वायर. ती वायर मी त्याला नीट करून दिली आणि आमची दोस्ती झाली. मला स्पॅनिश शून्य, त्याला इंग्रजी शून्य. रात्रपाळीला दोघं ते सिनेमे बघायचो.

म्हातारा शीळ घालायचा. एकच चाल, दिवसभर. आमच्या सारंगाचं (खलाश्यांच्या मुकादमाचं) डोकं फिरायचं, कारण जहाजावर शीळ घालत नाहीत, वादळाला आवतण जातं म्हणतात. एकदा तो भांडायलाच उतरला. म्हातारा शांतपणे म्हणाला, “मी जहाजावर नाही, धक्क्यावर आहे.” ती चाल कुठली, हे मला आठ-दहा दिवसांनी कळलं, टीव्हीवर तो सिनेमा लागला तेव्हा. सुतार आपल्या दुकानात गातोय, ‘आमोरसितो कोरासोन’, आणि मधल्या ओळी त्याची प्रेयसी शिळेनं पुऱ्या करतेय. म्हातारा पडद्यासोबत शीळ घालत होता आणि एक सूर हलत नव्हता.

तो सिनेमा म्हणजे ‘नोसोत्रोस लोस पोब्रेस’, ‘आम्ही गरीब’. तोही १९४८ चाच. ताई, तुम्ही बघितलात तो याचा दुसरा भाग, आणि तोही अर्ध्यावरून. चूक तिथे झाली. पहिल्या भागाची सुरुवात अशी आहे की रस्त्यावरची दोन पोरं कचऱ्याच्या डब्यातून एक पुस्तक काढतात आणि त्याच्या पानांवर नावं येतात. म्हणजे सिनेमावाले पहिल्याच मिनिटाला सांगून मोकळे, की ही कचऱ्यात फेकलेली गोष्ट आहे, नाक मुरडायचं तर आत्ताच मुरडा.

मग दोन तास त्या सुतारावर, पेपे एल तोरोवर, काय काय कोसळतं. आई लुळी पडलेली. बहीण क्षयानं खंगलेली, आणि तिचं तोंडही बघायचं नाही असं ठरवून बसलेला हा. तिचीच पोर चाचिता, जी याला बाप समजते. वर न केलेल्या खुनाचा आळ. तुरुंगात खऱ्या खुन्याशी मारामारी होते, त्याचा डोळा फुटतो आणि पेपे त्याच्याकडून सगळ्या तुरुंगाला ऐकू जाईल असं वदवून घेतो, “पेपे एल तोरो निर्दोष आहे!” हे वाक्य तिकडे आजही लोक थट्टेत म्हणतात. कुणी उगाच अडकला की हमखास.

पण चाचिताचं बघा. आई लहानपणीच मेली असं तिला सांगितलेलं, म्हणून ती परक्याच कुणाच्या थडग्याला आईचं समजून जायची. शेवटी खरी आई कळते आणि तेवढ्यात जाते. पोर म्हणते, “आता मला रडायला थडगं आहे.” पहारेकऱ्यानं हे वाक्य मला खुणांनी समजावलं होतं. आधी डोळ्यांकडे बोट, मग जमिनीकडे.

या सगळ्यातून तगलेल्या माणसाला जरा सुख लागतं. लग्न होतं, बाळ होतं. बाळाचं नाव तोरितो, म्हणजे लहानगा बैल. दुसऱ्या भागात ते जळतं तेव्हा पेपेकडे रडणं शिल्लकच नसतं, सगळं पहिल्या भागात संपलंय. म्हणून हसतो. माणूस फुटतो तेव्हा कुठून फुटेल याचा नेम नाही. माझ्या चुलत्यानं बैल वाहून गेला त्या पुरात असंच हसून घेतलं होतं, आम्ही पोरं भ्यालो होतो. सिनेमा अर्ध्यावरून बघणाऱ्याला ते हसूच वाटणार, तुमचा दोष नाही.

आणि पेद्रो इन्फान्ते कोण होता ते समजून घ्या. सिनालोआ प्रांतातला, लहानपणी खरोखर सुतारकाम केलेला. रंधा धरतो तो धरायचा म्हणून धरत नाही. त्याच्यासोबत शीळ घालणारी ब्लांका एस्तेला पावोन १९४९ मध्ये विमान पडून गेली. पेद्रोला विमान चालवायचा नाद, एका अपघातानंतर डोक्यात धातूची पट्टी बसवलेली, तरी सुटला नाही. १५ एप्रिल १९५७ ला मेरिदा शहरात विमान पडलं आणि संपला, चाळिशीही गाठली नव्हती. त्याच वर्षी बर्लिन चित्रपट महोत्सवात त्याला मरणोत्तर अभिनयाचं रौप्य अस्वल मिळालं. दर १५ एप्रिलला त्याच्या कबरीपाशी गर्दी होते, लोक गाणी म्हणतात. तुमच्या सेन्योरा तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या असणार. विचारा, ‘त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?’ एवढंच विचारा.

कान्तिन्फ्लास सध्या नको. तंबूतल्या खेळांतून आलेला महान विदूषक, पण त्याची सगळी गंमत बोलण्यात. शब्दांचा धबधबा आणि अर्थ काही नाही. तसं बोलण्याला ‘कान्तिन्फ्लेआर’ असं क्रियापदच झालंय आणि ते स्पॅनिश अकादमीच्या कोशातही गेलंय. भाजीवाल्यापुरत्या स्पॅनिशवर तो झेपायचा नाही. त्यापेक्षा तिन तान बघा. ढगळ कोट, लांब साखळी, नाचतो काय! ‘जंगल बुक’च्या मेक्सिकन डबिंगमधला बाळू अस्वलाचा आवाज त्याचाच.

चौकटीबाहेर:

बत्तीसाब, लिहिलंय सुरेख, पण पहारेकऱ्याला भिडला म्हणजे सिनेमा चांगला, हे मला पटत नाही. त्या काळात कच्ची फिल्म मिळत राहिली म्हणून मेक्सिकोत धडाधड सिनेमे निघाले, एवढंच. अर्जेंटिना महायुद्धात तटस्थ राहिला म्हणून अमेरिकेनं त्याचा फिल्मचा पुरवठा तोडला. मेक्सिको १९४२ मध्ये दोस्तांच्या बाजूनं उतरला, त्याला मिळत राहिली. अख्ख्या स्पॅनिश जगाचं मार्केट आयतं हातात आलं. १९५० च्या आसपास वर्षाला शंभरावर सिनेमे निघत होते. पुढे दिग्दर्शकांच्या संघटनेनं नव्यांना दारं बंद केली आणि तीच माणसं तेच सिनेमे काढत राहिली. स्वस्तातल्या भराभर काढलेल्या सिनेमाला तिकडचेच लोक ‘चुर्रो’ म्हणायचे. एकाच साच्यातून पिळायचे, तळायचे, साखर भुरभुरायची.

बत्तीसाब:

चुर्रो खाल्लाय का कधी गरम? वेराक्रूसला मी रोज खायचो.

आणि तुमच्या ढगवाल्याचीही गोष्ट सांगतो, वाचलेली आहे. ‘नासारिन’च्या शूटिंगला फिगेरोआनं पोपोकातेपेतल ज्वालामुखी आणि ढग यांची झकास चौकट लावली. बुन्युएल आला आणि त्यानं कॅमेरा उलट्या बाजूला, साध्यासुध्या दृश्याकडे वळवला. ढग गेले. म्हणजे तुमचेच दोन देव एकमेकांशी सहमत नाहीत.

वर्धेकर:

थोडं अवांतर. आमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे या सगळ्या काळात मेक्सिकोतच होते. क्रांतिकारक म्हणून देश सोडला, १९२४ मध्ये तिथे पोचले, चापिंगोच्या कृषी महाविद्यालयात शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं. दिएगो रिव्हेरानं शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर काढलेल्या चित्रात ते आहेत. मेक्सिको सिटीला गेलात की बघून या, भाकरी वाटणारा माणूस शोधा. त्यांनी पेद्रो इन्फान्ते बघितला असेल का, हा विचार आत्ता हे वाचताना मनात आला.

तीळगूळ_नको:

ताई, माझी एकच भर. तुम्हाला गरिबीचं रडं जड जात असेल तर ‘उना फामिलिया दे तांतास’ बघा. नावाचा अर्थ साधारण ‘चारचौघांसारखं एक घर’. आलेहांद्रो गालिंदोचा, १९४८-४९ चा. कुणी जळत नाही.

मध्यमवर्गीय घर, वडील म्हणजे फेर्नांदो सोलेर. वडिलांच्या घड्याळावर घर चालतं. न्हाणीघराबाहेर कोण आधी कोण नंतर, जेवायला कोण कुठे बसणार, सगळं ठरलेलं. मुलगी मारू पंधरा वर्षांची होत आलेली, तिला कामं सांगायची, मत विचारायचं नाही. एक दिवस ती घरात एकटी असताना दारात व्हॅक्युम क्लीनर विकणारा तरुण येतो. ‘बाबा घरी नाहीत’ म्हटलं तरी तोंड चालूच, आणि बघता बघता यंत्र दिवाणखान्यात सुरू. त्या यंत्रामागून जे काही घरात शिरतं त्याला बाबांकडे उत्तर नाही. आणि बाबा खलनायक नाहीत, हे विशेष. त्यांना खरंच वाटतंय की आपण घर वाचवतोय.

मी हा आईसोबत बघितला. आई म्हणाली, हे तर आमचं सदाशिव पेठेतलं घर, फक्त भिंतीवर क्रूस आहे.

अंबाडीची_भाजी:

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, कारण गृहपाठ करत होते.

आधी एकटीनं लॅपटॉपवर पहिला भाग पूर्ण बघितला, सबटायटल लावून, थांबवत थांबवत. बत्तीसाब, थडग्यापाशी मी रडले. चांगलीच रडले. नवरा पाणी घेऊन आला आणि म्हणाला, “अगं पण कोण मेलं?” त्याला सांगायला गेले तर त्यालाच हसू आलं. मला सेन्योरांसारखाच लॅपटॉप बंद करावासा वाटला!

मग रविवारी बेसनाचे लाडू वळले आणि हाकेची वाट न बघता खाली गेले. दारातच म्हटलं, मी पहिला भाग बघितला. त्या म्हणाल्या, “सगळा?” सगळा. “पुस्तकापासून?” कचऱ्याच्या डब्यापासून. मग त्यांनी खुर्ची सरकवली. लाडू हातात घेऊन बराच वेळ वास घेतला, विचारलं, “यात चणे?” दोन खाल्ले.

बत्तीसाबांनी सांगितलेला प्रश्न विचारला. तेव्हा त्या अकरा वर्षांच्या. आई अंगणात दगडी टाकीवर कपडे धूत होती, शेजारणीचा रेडिओ चालू होता. बातमी आली तशी आई साबणाचे हात घेऊन थेट रस्त्यावर गेली, आणि रस्त्यावर सगळ्याच बायका उभ्या होत्या. कुणी बोलत नव्हतं. कपडे संध्याकाळपर्यंत तसेच साबणात, आणि वडिलांचा एकुलता पांढरा शर्ट निळा होऊन बसला. वडील रागावले नाहीत, हे त्यांनी दोनदा सांगितलं. “माझे वडील शर्टावरून फार रागवायचे,” हे त्यानंतर.

तोरितोचा विषय मी काढला नाही. त्यांनीच काढला. म्हणाल्या, “तू हसलीस तेव्हा मला राग नव्हता आला. माझा मुलगा हसायचा तिथे, लहान असताना. त्याची आठवण आली आणि मला एकटीला बसायचं होतं.” म्हणजे दोन आठवडे मी उगाच जळत होते! (हा शब्द आता वापरवत नाही.)

परवा आम्ही दोघींनी मिळून व्हॅक्युम क्लीनरवाला बघितला. उलटंच झालं. मारू बापासमोर उभी राहून शांतपणे बोलते तिथे माझा घसा दाटून आला, आणि सेन्योरा मात्र खो खो हसत होत्या. त्यांच्या घरीही म्हणे असाच एक पोरगा शिवणयंत्र विकायला आला होता. पुढे काय झालं विचारलं तर म्हणाल्या, “यंत्र चांगलं निघालं.”

चौकटीबाहेर, तुमची ‘मारिया कांदेलारिया’ही सुचवली मी. त्यांनी नाक मुरडलं. म्हणाल्या, “दोलोरेस सुंदर आहे, पण तिचे पाय बघ, ती कधी अनवाणी चालली असेल का?” तरी पुढच्या महिन्यात बघायचा ठरलाय.

आता एक नवीन काम. त्यांना आमच्याकडचा सिनेमा बघायचाय, स्पॅनिश सबटायटल असलेला. अट अशी की गाणी हवीत, रडायला आलं तर चालेल, पण पोर मरायला नको. आयुष्यात एक तोरितो पुरे, म्हणाल्या. सुचवाल का? वेगळा धागा काढू की इथेच चालेल?